ओठांवरचे आकडे

स्पृहाने तो प्रसंग एकोणिसाव्यांदा मागे नेला. चर्चच्या पायऱ्या, नवऱ्याचं प्रेत, त्याच्यावर वाकलेली बाई. इटालियन संवाद स्वच्छ ऐकू येत होता आणि खाली इंग्रजी ओळ अचूक वेळी उमटत होती. तरीही नसीबाने तिसऱ्यांदा तोच शेरा मारून चित्रपट परत पाठवला होता: ओळ चुकीची आहे. बाई इंग्रजीत आकडे मोजते आहे.

"नवरा मेलाय आणि बाई उजळणी म्हणतेय," सदानंद सर मागे उभे राहून म्हणाले.

आखातातल्या सीफ भागातल्या या ऑफिसात कर्णबधिरांसाठी चित्रपटांच्या ओळी तयार होत. स्पृहा त्या आवाजाशी जुळवायची. सनद गावाहून येणारी नसीबा त्या नीट वाचता येतात का ते तपासायची. पाचव्या वर्षापासून तिला ऐकू येत नव्हतं. तिचं प्रोबेशन आज संपत होतं आणि तिला ठेवायचं की नाही, हे स्पृहाच्या रिपोर्टवर ठरणार होतं.

"दोन ओळी लिही. तपासणी भरवशाची नाही. खलास."

"एकदा पडताळून बघते, सर."

"तुझी एम.एस्सी. अजून संपली नाही वाटतं," ते म्हणाले. आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, गुरुवारच्या दुपारी त्यांच्यात रागवण्याइतकीही ताकद उरत नसे.

स्पृहाने दुसऱ्या चित्रपटांतले दहा इंग्रजी तुकडे निवडले, आवाज बंद केला आणि नसीबाला ओठ वाचून लिहायला सांगितलं. नुसत्या ओठांवरून फार तर तिसरा हिस्सा कळतो, असं तिने वाचलं होतं. नसीबाचे आठ बरोबर आले. चुकलेल्या दोन्हींत नटाला मिशी होती.

मग स्पृहाने चित्रपटासोबत आलेलं माहितीपत्रक उघडलं. त्यात वेळेचे तपशील नाहीत म्हणून तिने ते आजवर पाहिलंच नव्हतं. नॉर्मा व्हिटलॉक, ओहायोची, चोविसाव्या वर्षी रोमला आली. चौदा वर्षांत एकतीस चित्रपट. सेटवर जो तो आपापल्या भाषेत बोले, आवाज नंतर स्टुडिओत दुसरेच लोक देत. नॉर्माला इटालियन वाक्यं पाठ होत नसत, म्हणून दिग्दर्शक तिला आकडे म्हणायला लावत. एकाही चित्रपटात तिचा स्वतःचा आवाज नव्हता. परत गेल्यावर अमेरिकेत तिला काम मिळालं नाही.

स्पृहाने रिपोर्ट लिहिला. ओळी आवाजाप्रमाणे बरोबर. नसीबाचे तिन्ही शेरेही बरोबर.

सदानंद सरांनी तो दोनदा वाचला.

"दोघीही बरोबर कशा?"

"आवाज दुसऱ्या बाईचा आहे, सर. आकडे हिचे आहेत."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. रिफाला, घराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आता गाड्या तुंबल्या असतील, असं काहीतरी पुटपुटत त्यांनी नसीबाला कायम करण्याच्या कागदावर सही केली आणि यल्ला, चला, म्हणून निघून गेले.

स्पृहाने तो कागद नसीबाच्या टेबलावर ठेवला. नसीबाने सही पाहिली. तारीख पाहिली. ती हसली नाही. खुर्ची ओढून ती स्पृहाच्या शेजारी बसली आणि तिच्या स्क्रीनवर टाइप करू लागली.

याच प्रसंगात ओळ चुकल्याची अजून एक जागा होती. मी कळवली नाही. चौथा शेरा गेला असता तर मला काढलंच असतं.

तिने प्रसंग शेवटाकडे नेला. आवाजातली बाई म्हणत होती, त्याला घेऊन जा. ओळही तेच सांगत होती. नसीबाने चित्र थांबवलं, नॉर्माच्या तोंडाकडे बोट दाखवलं आणि लिहिलं:

इथे ती मोजत नाही. बाजूला कुणाला तरी विचारते आहे. ठीक झालं का? की पुन्हा करू?

स्पृहाने हेडफोन काढून ठेवले आणि चित्र पुढे सोडलं. ओठ मिटल्यावरही नॉर्मा कॅमेऱ्याच्या डावीकडे बघत राहिली होती, डोळ्यांत पाणी तसंच. सवयीने स्पृहाने फ्रेम मोजल्या. छप्पन्न. त्यानंतर प्रसंग कापलेला होता.