गळ्यावरचा थेंब

सर्जनबाईंनी चिमणीची हनुवटी वर केली आणि जबड्याखालून एक बोट हलकेच खाली ओढत आणलं. मानेच्या डाव्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं. त्यातून एक चिकट थेंब वर आला.

आईचा रुमाल सवयीने पुढे झाला. बाईंनी तिचं मनगट धरलं. भोकाभोवतीची कातडी सोलल्यासारखी लाल होती.

"इतकं घासायला कोणी सांगितलं?"

उत्तर आजीने दिलं. सुनेला पोरीला आंघोळसुद्धा धड घालता येत नाही, मळ साचतो, मग गळू होतं, हे ती बाहेरच्या बाकावरही सगळ्यांना ऐकवून आली होती. चिमणी तेवढा वेळ बुटाच्या टोकाने फरशी खरवडत राहिली.

बाईंनी चिमणीच्या रसाच्या डब्यातली स्ट्रॉ उपसली आणि तिच्या मानेशी धरली.

"हे बघ. अशी एक बारीक नळी तुझ्या मानेत आहे. इथून आत, थेट टॉन्सिलपर्यंत. तू आईच्या पोटात असतानाच ती बुजायला हवी होती, पण राहून गेली. तुला झोपवून मी ती सगळीच्या सगळी काढणार. मळाबिळाचा काही संबंध नाही."

मग त्यांनी भोकाशेजारचे दोन जुने व्रण चाचपले.

"दोनदा चिरलं. दोन्ही वेळा पू काढला आणि नळी ठेवली तशीच. कोणाला विचारावंसंही वाटलं नाही, की हे पुन्हा पुन्हा का होतंय?"

आवाज चढला नव्हता, पण हातातली स्ट्रॉ चेपून सपाट झाली होती.

कधी कधी हे घराण्यात असतं, म्हणून आपण घरातल्या सगळ्यांचेच गळे बघतो, असं त्या म्हणाल्या. आईचा गळा स्वच्छ होता.

"आजी, तुम्ही."

आजीचा हात पोलक्याच्या बंद गळ्यावर गेला. "माझ्या वयात आता काय बघायचंय?"

बाई थांबून राहिल्या. शेवटी आजीने वरचं बटण काढलं, मग दुसरं.

चिमणी खुर्चीवर गुडघे टेकून पुढे वाकली. आजीच्या मानेवरचं तसलंच भोक बराच वेळ निरखून तिने विचारलं,

"आजी, तुलापण नीट आंघोळ घालत नव्हते?"

एरवी आईने तिला दटावलं असतं. आज तिने रुमालाची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि चेन ओढून घेतली.