गरम इंजिन

रावजी मिस्त्रींनी ट्रॅक्टरचं बॉनेट उघडलं, इंजिनाच्या ब्लॉकवर तळहात टेकवला आणि तिथंच राहू दिला. ब्लॉक गरम होता. चटका बसण्याइतका नव्हे, पण चुलीवरून उतरवून बाजूला ठेवलेल्या पातेल्याइतका.

"कुणी चालू केला होता का रे?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"नाही काका. किल्ली माझ्या जुडग्यातच असते. बाबा गेले तेव्हापासून हा उभाच आहे," समाधान म्हणाला.

रावजींनी हात काढून धोतराला पुसला. आदल्या दिवशी फोनवर त्यांनी बजावून सांगितलं होतं की मी येईपर्यंत स्टार्टरला हात लावू नका. जुन्या इंजिनाचं सगळं खरंखोटं रात्रभर थंड पडलेलं असतानाच कळतं. रिंगा झिजलेल्या असतील तर ते सकाळी रडत रडत चालू होतं, निळा धूर ओकतं. एकदा गरम झालं की शहाण्यासारखं वागतं. ट्रॅक्टर विकणारे हे पक्कं ओळखून असतात. मिस्त्री यायच्या आधी इंजिन तापवून ठेवणारी माणसं रावजींनी पिंपळगावच्या गॅरेजमध्ये उभ्या आयुष्यात पोत्यानं पाहिली होती. पण ती व्यापारी माणसं. चिमाजीच्या पोरानं हे करावं, याचं त्यांना वाईट वाटलं.

चिमाजी त्यांचा दोस्त. या ट्रॅक्टरचं इंजिन दोघांनी मिळून एकदा खोलून नव्यानं बांधलं होतं, आणि मग तासभर नुसतं ऐकत बसले होते. चिमाजी गेला तोही याच ट्रॅक्टरवर, द्राक्षाच्या दोन ओळींमध्ये. इंजिन चालू होतं आणि माणूस स्टिअरिंगवर डोकं टेकून शांत झाला होता. तेव्हापासून अंबडला कंपनीत कामाला असलेला समाधान आईला तिकडं चल म्हणत होता. आई बाग सोडायला तयार नव्हती. शेवटी मायलेकरांत ठरलं ते असं, की रावजीकाकांनी इंजिन ऐकावं. ते चांगलं म्हणाले तर ट्रॅक्टर राहील, बागही राहील. नव्यानं बांधावं लागेल म्हणाले तर त्यात पैसा घालायचा नाही. ट्रॅक्टर विकायचा, बाग वाट्यानं द्यायची आणि आईनं अंबडला यायचं.

म्हणजे निकाल इंजिनाचा नव्हताच, समाधानच्या आईचा, नवसाबाईंचा होता. त्या ओट्याच्या कडेला पदर आवळून उभ्या होत्या.

ट्रॅक्टर धुऊनपुसून लख्ख केलेला. तेही रावजींच्या मनात भरलं नाही. ठरलं काही असो, ट्रॅक्टर खपवायचाय की काय याला, आपल्या नावावर? रावजींनी पास केलंय म्हटलं की गिऱ्हाईक डोळे झाकून घेतं, हे सगळ्या तालुक्याला माहीत. समाधाननं किल्ली फिरवली आणि इंजिन एका झटक्यात चालू झालं. धूर नावाला. रावजींनी मोठा स्क्रूड्रायव्हर ब्लॉकला लावला आणि मुठीचं टोक कानाशी धरलं. आवाज चांगला होता. भलताच चांगला होता, आणि तिथंच त्यांचं बिनसलं.

रावजींची एक जुनी खोड होती. लबाडी ध्यानात आली की ते भांडत नसत, तोंडावर सांगतही नसत. निकाल तेवढा कडक देत. इतकी वर्षं ही खोड त्यांना मोठेपणाची वाटत आली होती.

"खोलावं लागेल," ते म्हणाले. "रिंगा, लायनर, सगळं. नव्यानं बांधल्याशिवाय हे वर्ष काढणार नाही."

समाधाननं मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर ना आनंद दिसला ना चोरी पकडल्याची शरम. ओझं उतरल्यावर माणूस खांदे सोडतो तसे त्यानं सोडले आणि आधीच विचारून गेलेल्या गिऱ्हाइकाला फोन लावत तो बांधाकडं चालू लागला. रावजींना पहिल्यांदा शंका आली ती तेव्हा. ट्रॅक्टर खपवायला इंजिन तापवणारा माणूस असला निकाल ऐकून निदान घासाघीस तरी करतो.

इंजिन चालूच राहिलं होतं. नवसाबाई ओट्यावरून उतरल्या, ट्रॅक्टरजवळ आल्या आणि इंजिन बंद करायचा दट्ट्या त्यांनी ओढला. बघितलंसुद्धा नाही. हात आपोआप तिथं गेला, जसा अंधारात दिव्याच्या बटणावर जातो.

रावजी त्या हाताकडं बघत राहिले. मग त्यांना दिसायला लागलं. चिमाजी उंच होता, त्याची सीट कायम पार मागं असायची. ती आता पुढं ओढलेली होती. सीटवर गोधडीची घडी. क्लचवर लाकडाचा ठोकळा तारेनं बांधलेला, आखूड पायाला पोचावा म्हणून. मागं ताडपत्रीखालून फवारणीच्या ब्लोअरचं पाणी अजून ठिपकत होतं.

"वहिनी, फवारणी तो गोटीराम त्याचा ट्रॅक्टर आणून करून जातो ना?"

"समाधानला तसं सांगितलंय." नवसाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "ह्यांची दुसरी किल्ली देव्हाऱ्यात होती. त्यानं शपथ घातलीया, ह्याच्यावर बसायचं नाय म्हणून. कळलं तर आजच घेऊन जाईल मला."

"मी थंड ठेवायला सांगितलं होतं."

"ठेवणारच होते, भाऊ. पन समाधान यायच्या आधी पहाटं धुकं उतरलं. बाग फुलोऱ्यात हाय. आज औषध मारलं नसतं तर डावणी रोगानं घड जळाले असते. म्हणलं, इंजिनाचं काय, ते भाऊ ऐकतीलच."

ब्लोअर ओढत सबंध बाग फिरून आलेलं इंजिन, आणि तरी आवाज असा. त्याला खोलायचं काय कारण होतं? थंड इंजिनानं जे सांगितलं असतं त्याहून जास्त हे गरम इंजिन सांगत होतं, आणि आपण कान लावूनही ऐकलं नाही. इंजिन गरम लागतंय, एवढं एक वाक्य तोंडावर बोललो असतो तर? तर या बाईचं गुपित फुटलं असतं. आणि बोललो नाही म्हणून तिची बाग गेली. दोन्हीकडून तिचंच नुकसान होतं, पण दुसरं आपल्या हातून झालं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

समाधान परत आला. मंगळवारी गिऱ्हाईक गाडी घेऊन येतंय, म्हणाला.

"समाधान, माझा निकाल धरू नको," रावजी म्हणाले. हे शब्द त्यांनी आयुष्यात कुणापुढं काढले नव्हते. "कान पहिल्यासारखे राहिले नाहीत. उद्या थंड असताना परत ऐकतो. चांगलंच असेल इंजिन."

समाधाननं आईकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. तो समजूतदारपणे हसला.

"आईनं गळ घातली ना काका? राहू द्या. बाबा म्हणायचे, रावजीचा शब्द फिरत नाही. आमच्यापायी फिरवू नका." थोडं थांबून तो म्हणाला, "खरं सांगू? हा दारात उभा दिसला की मला घरात यावंसं वाटत नाही. आई इथं एकटी. रोज फोन वाजला की छातीत धस्स होतं."

मायलेकरांत चुकीचं कुणीच नव्हतं. ट्रॅक्टरची कागदपत्रं काढायला समाधान घरात गेला.

नवसाबाईंनी ताडपत्रीचं टोक उचलून ब्लोअरची टाकी पाहिली. मग आभाळाकडं पाहिलं. पश्चिमेकडं ढग धरून होते.

"मंगळवारपतूर हाय ना भाऊ हा इथंच?"

"हाय."

"मग टाकी भरून ठेवते. उद्या पन धुकं पडंल."

त्या हंडा घ्यायला वळल्या. रावजी ट्रॅक्टरशेजारी खाली बसले. पिशवीतून त्यांनी पक्कड काढली आणि क्लचवरच्या ठोकळ्याची ढिली झालेली तार पीळ देऊन आवळली. ठोकळा हलवून पाहिला, आणि आणखी एक पीळ दिला.