मुडशिंगीहून आलेला रिकामा डबा

झाकण जरा सैल करा, म्हणजे मला बोलता येईल. मी पितळेचा डबा. गोल, कडीचा, पोटाला एक पोचा पडलेला. दिसायला साधाच आहे, पण माझ्यावर दोन बायकांची नावं घातलेली आहेत. ती कशी, ते ऐका.

कोल्हापुरातल्या एका तांबटानं मला ठोकून घडवलं. नृसिंहवाडीजवळच्या एका गावात झुंबर आणि बया अशा दोन मैत्रिणी होत्या. एकाच बोळात घरं, एकाच जात्यावर दळण. झुंबरचं लग्न झालं तेव्हा तिच्या आईनं मला विकत घेतलं आणि करंज्यांनी भरून तिच्याबरोबर कोल्हापूरच्या पेठेत, तिच्या सासरी पाठवलं. वर्षाच्या आत बयाही गडमुडशिंगीला शेतकऱ्याच्या घरी नांदायला आली. पहिल्या दिवाळीला झुंबरबाईंनी मला चकल्या भरून मुडशिंगीला धाडलं. बयाबाईंनी मला घासून, शेंगा भरून परत पाठवलं. मग मी जातच राहिलो. नावं घालणारा दारावर आला तेव्हा झुंबरबाईंनी माझ्यावर आपलं नाव घालून घेतलं. पुढच्या खेपेला मी परतलो तो खाली बयाबाईंचंही नाव घेऊन.

नियम एकच होता. आलेलं भांडं रिकामं पाठवायचं नाही. मुडशिंगीहून हुरडा, काकवी, भरली वांगी यायची; पेठेतून चिवडा, लोणचं, पुरणपोळ्या जायच्या. अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास सालात रेशनमुळं साखर चिमटीनं वापरावी लागे, तरी माझ्या तळाशी चिमूटभर असायचीच. एकदा बयाबाईंना काही सुचलं नाही, त्यांनी गच्च कढीपत्ता भरला. झुंबरबाई झाकण उघडून हसत सुटल्या, "बयेनं आख्खं झाडच पाठिवलं की!"

दोघी वर्षातून दोनदा एकमेकींकडे राहायला जात. चुलीपुढं बसून एकमेकींच्या हाताला नावं ठेवत जेवत.

"तुझा खर्डा मिळमिळीत झालाय, बये."

"पेठंत राहून तुझी जीभ बोथट झालीया. माझ्या खर्ड्याला काय बोलू नगंस."

आणि नावं ठेवत ठेवत दोघी एक भाकरी जास्त खायच्या. माणसांची ही रीत मला फार आवडते.

झुंबरबाईंना मूल झालं नाही. बयाबाईंना एकच लेक, ताना. ती दोघींच्या मांडीवर वाढली, दोघींनी मिळून तिचं लग्न केलं. पण तानाची दोन बाळंतपणं वाईट गेली. दोन्ही बाळं हाती लागली नाहीत, दुसऱ्या वेळी तर ती स्वतःच जेमतेम वाचली. पंचावन्न सालच्या मार्गशीर्षात ती तिसऱ्यांदा माहेरी आली. झुंबरबाईंनी तिच्यासाठी मला लिंबाचं गोड लोणचं भरून पाठवलं.

आठवडाभर मी बयाबाईंच्या फळीवर होतो. मंगळवारी पहाटे घरात धावपळ सुरू झाली. बायका पाणी तापवत होत्या. तानाची खोली पलीकडं, गोठ्याला लागून; तिकडचं मला काही ऐकू येईना. उजाडताना बयाबाई आल्या. मला उचलताना त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या झाकणावर पडलं. दारात दूधवाला पिराजी सायकल घेऊन निघाला होता.

"पिराजी, ह्यो डबा झुंबरीला दे."

"रिकामाच?"

"व्हय, रिकामाच. तिला कळंल."

सायकलीवर दुधाच्या किटल्या खणखणत होत्या आणि त्यांच्यामध्ये मी रिकामा. वाटभर मला वाईटसाईटच सुचत होतं.

पिराजीनं मला उंबऱ्यावर ठेवलं, "रिकामाच हाय, तुमास्नी कळंल म्हणाल्या," एवढं सांगितलं आणि पुढच्या रतिबाला निघून गेला. झुंबरबाईंनी झाकण काढलं. तळ बघितला. मला उलटा करून हातावर आपटला. साखरेचा कणही नव्हता. त्या तिथंच बसल्या.

त्यांचे यजमान आण्णा म्हणाले, "गडबडीत ऱ्हायलं असंल."

"तीस वर्सांत कधी ऱ्हायलं न्हाय. अवं, सुतकाच्या घरातनं दाणा भाईर देत न्हाईत. माझी ताना…"

 पण त्या उठल्या. ज्या घरी माणूस जातं तिथं चूल पेटत नाही, सोयऱ्यांनी पिठलं-भाकरी न्यायची असते. त्यांनी पिठलं हाटलं, भाकरी थापल्या, सगळं माझ्यात भरलं आणि टांगा केला. वाटेत मला त्यांनी पोटाशी धरलं होतं. पिठल्याची ऊब मला आतून लागत होती, पण त्यांचे हात गार होते.

टांगा थांबला. अंगणात कुणी जमलेलं नव्हतं. बयाबाई न्हाणीपाशी दुपटी वाळत घालत होत्या. झुंबरबाईंनी त्यांच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला.

"अगं, काय झालं? आण्णा बरं हाईत न्हवं?" बयाबाई घाबरल्या.

तेवढ्यात आतून एक टाहो आला, तान्ह्या बाळाचा, खणखणीत. मागोमाग तानाची हाक आली, "आई, मावशी आली व्हय गं?"

झुंबरबाई रडायच्या थांबल्या. "ताना हाय?"

"हाय की! पोरगी झाली. दोघी खुशाल हाईत. पण तू रडतीस का?"

"मग डबा रिकामा का पाठिवलास?"

"बाळ जन्मलं की सोयर लागतंय, त्या घरातनं तरी कुठं दाणा भाईर देत्यात? म्हटलं, झुंबरी शानी हाय, बघितल्या बघितल्या डिंकाचं लाडू वळायला घेईल. दिवस भरल्याली पोर घरात, आन् तुला सुतकच बरं सुचलं!"

"दोनदा पोळलोय गं, बये. चांगलं मनात यायचं धाडसच झालं न्हाय."

 पदरानं बयाबाईंनी आधी मैत्रिणीचे डोळे पुसले, मग स्वतःचे. नंतर माझं झाकण उघडून त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "बाळंतिणीच्या घरी पिठलं! बघा गं बायांनो, पेठंतली पावणी काय घेऊन आलीया!"

सगळं घर हसलं. पहाटेपासून तिथं कुणी धड जेवलंच नव्हतं.

"पण तुला माझ्या घरचं आज चालायचं न्हाय," बयाबाई म्हणाल्या.

"भाकरी माझीच हाय की. तूच बस माझ्या पंगतीला."

त्या दिवसाइतकी चवीनं खाल्लेली पिठलं-भाकरी मी दुसरी पाहिली नाही. बयाबाईंनी बोटानं माझा तळ निपटून घेतला आणि म्हणाल्या, "मीठ कमी हाय."

आता एकोणसाठ साल चालू आहे. माझी कल्हई उडाली आहे, कडी खिळखिळी झाली आहे. बाजारात हलके अ‍ॅल्युमिनियमचे डबे आलेत आणि लोक मला जड म्हणतात. म्हणू देत. तुमच्याकडंही माझ्यासारखं कुणी असेल तर अडगळीत टाकू नका, कल्हई लावून घ्या. आणि एक विनवणी आहे. भांडं पाठवाल तेव्हा नेणाऱ्याजवळ दोन शब्द सांगून पाठवा. आम्ही ओझं नेतो, निरोप आम्हाला सांगता येत नाही. त्या सकाळी मला बोलता आलं असतं तरी काय सांगणार होतो? मीही भ्यालोच होतो.

बरं, येतो. झुंबरबाई माझ्यात भरायला धपाटी घेऊन आल्यात, गरम आहेत.