खुर्चीसकट सुट्टी

अठ्ठावीस वर्षं घर सांभाळल्यावर माई नोकरीला लागली, ती लिफ्टच्या कंपनीत. कुणी लिफ्टमध्ये अडकून लाल बटण दाबलं, की फोन माईकडे यायचा. मेकॅनिक पोचेपर्यंत त्या माणसाला बोलतं ठेवायचं, एवढंच काम. लग्नाआधी ती टेलिफोन ऑपरेटर होती. आणि नाना, म्हणजे तिचे यजमान, इतके घुमे की भिंतीशी बोलायचा तिचा सरावही दांडगा.

नानांच्या डोळ्यांत ही नोकरी खुपत होती. "हे कसले भिकेचे डोहाळे? दरवर्षीसारखं क्रूझला जाऊन येऊ, आणि उतरल्या उतरल्या राजीनामा दे."

माई हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. पण तिला ही नोकरी मनापासून हवी होती. इथे माणसं तिचं म्हणणं ऐकत. अडकलेली असल्यामुळे ऐकत, हे खरं, पण ऐकत.

अडचण रजेची होती. साहेब तिच्या मुलापेक्षा लहान आणि नियमाला पक्का. "नव्या माणसाला रजा नाही, मॅडम. तुम्ही खुर्चीत पाहिजेत." त्या ऑफिसात हजेरी खुर्चीच लावायची. बसलं की हजर, कामाच्या वेळेत उठलं की गैरहजर, आणि तीनदा उठलं की घरी.

"मग खुर्ची घेऊन जाऊ का, साहेब?"

साहेबानं बराच विचार केला. खुर्ची कुठे असावी, याबद्दल नियम काहीच बोलत नव्हता. "न्या," तो म्हणाला, "पण चाकं सांभाळा."

तर नाना, माई, मुलगा, सूनबाई आणि खुर्ची अशी मंडळी जहाजावर चढली. समुद्र हलला की माई डेकच्या या टोकावरून त्या टोकाला घरंगळत जायची आणि कानाला हेडफोन लावून कुणाला तरी सांगायची, "हलू नका, एका जागी शांत उभे राहा." सूनबाई तिला ढकलत पोहण्याच्या तलावापाशी नेई. जेवताना मुलगा खुर्ची पट्ट्यानं टेबलाला बांधून ठेवी. जहाजावरचे लोक तिला मोठी अधिकारी समजून सूप गार असल्याची तक्रार करत, आणि माई त्यांचीही समजूत काढी. इतकी मजा तिला कुठल्याच सुट्टीत आली नव्हती.

नानांचा मात्र पारा चढलेला. एका दुपारी ते तणतणत तिला जेवायला बोलवायला निघाले आणि लिफ्टमध्ये अडकले. लिफ्ट माईच्याच कंपनीची. त्यांनी लाल बटण दाबलं.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू?"

"अगं, मी आहे."

घरचे फोन घेतले तर माईची नोकरी जाणार. "साहेब, हा कॉल रेकॉर्ड होतो," ती म्हणाली. "माणूस येतोय. तोवर सांगा, कुठे निघाला होतात?"

नानांना उमगलं. ते म्हणाले, "बायकोला बोलवायला. ती खुर्ची सोडत नाही."

"रागावलात?"

"हो. म्हणजे, तसं नाही. ती टेबलावर नसली की काय बोलावं ते सुचत नाही. मुलगा मोबाइलमध्ये, सून फोटोत."

"ती असताना काय बोलता?"

"काहीच नाही. ती बोलते. मी ऐकतो. तिला वाटतं, ऐकत नाही."

मग नाना जे सुरू झाले, ते लिफ्ट उघडून दुरुस्तीवाला आत डोकावला तरी थांबेनात. माईनं डोळे पुसले, पण खुर्चीवरून उठली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच लिफ्टमधून पुन्हा फोन आला.

"दार उघडत नाहीये का, साहेब?"

"उघडंच आहे," नाना म्हणाले. "काल एक गोष्ट सांगायची राहिली."

नियमाप्रमाणे असा फोन ठेवून द्यायचा असतो. माईनं आवाज खाली आणला. "आधी मला सांगा, राजीनामा कधी देऊ?"

"वेड लागलंय का तुला? मग मी फोन कुणाला करायचा?"