काचेच्या कपाटातला लाकडी गुडघा

मी एक जुना लाकडी गुडघा आहे. हसू आलं ना, मित्रांनो? येऊ द्या. स्वतःचा दुखेपर्यंत गुडघा ही हसण्याचीच गोष्ट असते.

एका मोडक्या खुर्चीच्या पायातून डॉक्टरांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर कोरलं. माझ्या आतले पट्टे आणि दोन हाडांमधली गादी बाईंनी शिवली. बाई म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी. चामडं त्यांच्याच पर्सचं. "माझी पर्स गेली, निदान गुडघा तरी नीट करा," त्या म्हणाल्या होत्या.

त्या काळी गुडघ्याचं ऑपरेशन म्हणजे अख्खा गुडघा उघडायचा आणि माणूस महिनोन्‌महिने अंथरुणात. डॉक्टर बारीकशा छिद्रातून नळी घालून आत बघायला शिकून आले. आमच्या गावात असं करणारे ते पहिलेच. बाकीचे डॉक्टर म्हणायचे, "हा किल्लीच्या भोकातून घर रंगवणार!" कोणी त्यांच्याकडे पेशंट पाठवेना.

शेवटी एक पोस्टमन आला. त्याला सगळ्यांनी नोकरी सोडायला सांगितलं होतं. डॉक्टरांनी मला त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "वाकवा. आत बघा. आता तुम्ही मला सांगा, मी काय करणार आहे?"

पोस्टमन गोंधळला. मग माझ्या गादीवर बोट ठेवून म्हणाला, "ही फाटलीय. फाटकं तेवढं कापणार, चांगलं ठेवणार."

"आणि माझं चुकलं तर काय होईल?"

तेही त्याने सांगितलं, तेव्हाच डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी हात धुतले. पोस्टमन पुन्हा टपाल वाटू लागला आणि हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली. पुढे मोठमोठी माणसं आली, पण नियम तोच. पेशंटला सांगता आलं नाही, तर ऑपरेशन नाही. एका बड्या वकिलांना डॉक्टरांनी तीनदा परत पाठवलं होतं. इतक्या हातांनी मला वाकवलं की माझं लाकूड काळं पडलं. मला त्याचा फार अभिमान होता.

शिकायला येणाऱ्यांत एक हुशार मुलगा होता. बाई त्याला चेला म्हणायच्या, जेवल्याशिवाय जाऊ द्यायच्या नाहीत. तो माझ्यावरच शिकला. डॉक्टर थकले तेव्हा त्यांनी सगळं त्याच्या हाती सोपवलं. त्याने काचेच्या दारांचं मोठं हॉस्पिटल बांधलं आणि प्रवेशद्वारापाशी माझ्यासाठी कपाट केलं. मला पॉलिश झालं. मी हरखून गेलो होतो.

पण मी वाकणारा गुडघा. उभा केला की कलंडायचो. उद्घाटनाच्या दिवशी, पाहुण्यांसमोर चेला सुताराला म्हणाला, "फोटोत वाकडा दिसतोय. स्क्रू मारून टाक."

लांब स्क्रू माझ्या गादीतून आरपार गेला. डॉक्टर शेजारीच उभे होते, हातात फुलांचा गुच्छ घेऊन. त्यांनी पाहिलं. आता ते 'थांब' म्हणतील, असं मला वाटलं. त्यांनी गुच्छ काखेत धरला आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

चेल्याचं मला इतकं लागलं नाही. पण ज्यांनी मला घडवलं त्यांनीच पाहत राहावं? कुंपणानेच शेत खाल्लं, तर दाद कुणाकडे मागायची? पुढची वर्षं लोक माझ्या काचेत बघून केस नीट करत गेले. समोर पेशंट कागदांवर सह्या करत. मला वाकवून कोणी कुणाला काही विचारलं नाही.

मग बाईंचाच गुडघा गेला. ऑपरेशनच्या दिवशी चेला घाईत त्यांना म्हणाला, "काकू, सरांना सगळं माहीत आहे. तुम्ही फक्त सही करा, बाकी आमच्यावर सोडा."

बाई सही न केलेला कागद हातात घेऊन लंगडत माझ्यापुढे आल्या. "अहो, हा काढा. मला वाकवून दाखवा."

"तो आता वाकत नाही. त्याला स्क्रू मारलाय," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही कुठं होतात तेव्हा?"

"इथंच. टाळ्या वाजवत होतो."

बाई खुर्चीवर बसल्या. "मग आज ऑपरेशन नाही. माझ्याच पर्सचं चामडं आहे ते. काढा स्क्रू."

डॉक्टरांनी वॉचमनकडून किल्ली आणि स्क्रू ड्रायव्हर मागवला. स्क्रू निघाला तेव्हा गादी फाटलेली होती. त्यांनी मला बाईंच्या मांडीवर ठेवलं आणि फाटक्या जागी बोट टेकवलं. "तुझ्या गुडघ्यातही असंच झालंय," ते हळू आवाजात म्हणाले आणि सगळं नीट समजावू लागले.

तेवढ्यात चेला आला. "सर, चला, उशीर होतोय."

"बस इथं," बाई म्हणाल्या. "तू काय करणार आहेस ते मी सांगते. चुकले तर घरी जाईन."

तो खुर्ची ओढून बसला. बाईंनी सांगितलं, एक चूक केली, पुन्हा सांगितलं. मगच सही केली.

आता मी त्यांच्या घरी असतो. डॉक्टर रोज बाईंकडून व्यायाम करवून घेतात आणि मध्येच माझ्या भोकावर अंगठा दाबून धरतात. त्यांना वाईट वाटतं, हे मला कळतं. पण मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना पॉलिश नको असतं, हात हवे असतात. आणि कधी तुमच्यासमोर कोणी असा स्क्रू मारू लागलं, तर हातातली फुलं खाली ठेवा आणि 'थांब' म्हणा. मला तेवढं पुरलं असतं.