डाव्या गालावरची काळी खूण

मुखेडच्या बसस्टँडसमोर वैजनाथचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. माणूस देवभोळा, पण इंग्रजीचा भारी तोरा. ऋतुजाच्या भरतीच्या फॉर्मवर ‘व्हिजिबल मार्क’ असा रकाना आला, तेव्हा तिनं आपली खरी खूण सांगितली, गुडघ्यावरचा व्रण.

“व्हिजिबल म्हंजी दिसणारी, ताई. गुडघा सलवारीत कुठं दिसायलाय? आंधळ्यालाबी दिसंल अशी पायजे.” आणि त्यानं खुशाल ठोकून दिलं : डाव्या गालावर काळी खूण.

“पण दादा, माझ्या गालावर कायबी न्हाई!”

“कोण बघायलंय?”

लातूरच्या केंद्रावर बघत होते. गेटवर एक मॅडम हॉलतिकीट, आधार आणि खूण तपासूनच आत सोडत होत्या. नऊला गेट बंद. ऋतुजाचं वयात बसायचं हे शेवटचं वर्ष. मागं वळून बघते तर गावातली पुनम मोबाईलमध्ये बघत गालावर काजळाचा ठिपका देत होती.

“वैजूदादा?” ऋतुजानं विचारलं.

“दुसरं कोण!” पुनम म्हणाली.

त्या पठ्ठ्यानं मुखेडच्या अकराही पोरींना एकच खूण चिकटवली होती! काजळाची डबी रांगेत फिरली, ऋतुजानंही ठिपका दिला. एकीनं तर गडबडीत उजव्या गालावरच लावलं.

ऋतुजाचा नंबर येईपर्यंत मॅडमना सहा तीळ भेटले होते. त्यांनी सातव्यावर सरळ अंगठा घासला. ठिपका कानापर्यंत गेला.

ऋतुजाचा बांधच फुटला. “मॅडम, तीळ न्हाई मला! फॉर्मवाल्यानं लिवलंय. पण मी मीच हाय, देवाशप्पथ! गुडघा बघा पायजे तर!” डोळ्यांतलं पाणी गालावर उतरलं आणि उरलंसुरलं काजळ हनुवटीपर्यंत घेऊन गेलं.

मॅडमनी आधारवरचा फोटो पाहिला. पोरगी तीच होती. घड्याळ पाहिलं, दोन मिनिटं उरली होती. मग फॉर्म मोठ्यानं वाचला, “डाव्या गालावर काळी खूण.” आणि ऋतुजाच्या तोंडाकडे नीट बघितलं.

“हाय की. चांगली लांबून दिसायलीय.” त्यांनी टिक केलं. “पळ आत. अन् ऐक, पेपर सुटल्यावर परत तपासणी हाय. तवर तोंड धुवायचं न्हाई.”