रजेचे नऊ अर्ज

ही गोष्ट १९७१ सालची. शर्टाच्या कारखान्यात कॉलर शिवायला लागून मला नऊ वर्षं झाली होती आणि नुकताच सातवा महिना लागला होता. बाळंतपणाची भरपगारी रजा कायद्याने मिळते हे ऐकून होते, म्हणून कारकुनाकडे गेले. कारकून म्हणजे माझा सख्खा धाकटा भाऊ.

मान वर न करता तो म्हणाला, "ताई, तुला कामाला लागून दीडच महिना झालाय. रजा बसत नाही."

"मेल्या, नऊ वर्षं इथे माझ्या डब्यातलं जेवतोयस आणि म्हणे दीड महिना!"

त्याने फाइल उघडली. आत नऊ राजीनामे होते, दर वर्षाचा एक, आणि प्रत्येकाखाली माझी सही. दर अकराव्या महिन्यात मालक आम्हा बायकांना आठवडाभर सुट्टी द्यायचे. तिचा अर्ज भाऊच लिहून आणायचा, आणि मी मशीनवरून न उठता सही करायचे.

"वाचायचंस ना," तो पुटपुटला.

"तू लिहिलेलं काय वाचायचं रे?"

घरी बसले ती बसलेच. माझ्या मशीनवर दुसरी आली. मुलगी झाली, ती आता शाळेत मुख्याध्यापिका आहे. मालक कारखाना विकून गेले. भाऊ मॅनेजर झाला. गेल्या वर्षी तो आईच्या घराच्या कागदांवर माझी सही घ्यायला आला. मी चष्मा लावला आणि पानन् पान वाचलं. कागदांत काही खोट नव्हती. तरी वाचून होईपर्यंत मी त्याला बस म्हटलं नाही.